रेमेदीनच्या घरचा आगमनकाळ

रेमेदीनच्या घरातला आगमनकाळ, म्हणजे नाताळची वाट पाहायचे चार आठवडे, तीन वर्षं झाली तरी संपलेला नव्हता. बाहेर कोळीवाड्यात नाताळ येऊन गेले, बोंबील वाळले, पावसाळे सरले. हिच्या उंबऱ्याच्या आत मात्र डिसेंबरची थंडी, आणि आगमनकाळाच्या चारही मेणबत्त्या जळत होत्या. वितळत नव्हत्या. शेजारणी भर मे महिन्यात शाल पांघरून यायच्या, चहा पिऊन जायच्या. सगळ्यांनाच सवय झाली होती.

त्या घरात नाताळच्या रात्री मातीचा बाळ येशू गव्हाणीत ठेवायचा मान थोरल्या मुलाचा. थोरला सांतान त्या वर्षी ऐन नाताळच्या तोंडावर बोट घेऊन गेला. मी आल्याशिवाय बाळ ठेवू नको, आये, असं सांगून गेला. बोटीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, सांतान काही लागला नाही. पण रेमेदीन हटून बसली. येतो म्हणालाय ना, मग येईल.

या हट्टापायी अडकली बिचारी सून, सांतानची बायको ब्रिजीत. तिला तेव्हा नववा महिना होता, आणि अजूनही नववाच होता. पोटातलं बाळ एव्हाना बोलायला लागलं होतं. संध्याकाळी रोजरीच्या जपमाळेला आजीने प्रार्थना सुरू केली की ते आतून उरलेली म्हणायचं. भारी गोड आवाज होता त्याचा.

फादर समजवायला आले. येशूच्या येण्याची भविष्यवाणी खरी ठरायला कितीतरी पिढ्या गेल्या, असं काहीसं बोलले. रेमेदीन म्हणाली, मग मी तीन वर्षांत कशी थकू? फादर चहा पिऊन गेले.

इकडे गव्हाण वाढत होती. आधी ओंजळीएवढी होती, मग पाळण्याएवढी झाली. टेबल अंगणात काढावं लागलं, मग कपाट. शेवटी ती एका गड्याला पाय ताणून झोपता येईल एवढी झाली, आणि सासूसुनेला भिंतीला चिकटून चालावं लागू लागलं. रेमेदीन तिच्यात रोज ताजा पेंढा घालायची. रोज तिला रडू यायचं, पण घालायची.

एका संध्याकाळी तिने रोजरी सुरू केली, आणि पोटातून उत्तर आलं नाही. तिने पुन्हा म्हटलं. काहीच नाही.

"आये," ब्रिजीत आतल्या खोलीतून म्हणाली, "बाळ गप्प झालंय. ठेव ना आता तो मातीचा बाळ गव्हाणीत."

रेमेदीनने पेटी उघडली, कापसातला मातीचा बाळ काढला. तो ओला होता आणि त्याला दर्याचा वास येत होता. पदराने पुसला, तरी ओलाच राहिला. मग ती त्या लांबलचक गव्हाणीवर वाकली.

तेव्हाच दारावर थाप पडली.

"आये, मी आलो. बाळ ठेवलं नाहीस ना?"

सांतानचाच आवाज. आईला का कळणार नाही? आतल्या खोलीत ब्रिजीत कण्हत होती.

"ठेवलं रे, पोरा," रेमेदीन म्हणाली, आणि मग बाळ गव्हाणीत ठेवून हात सोडला.

मेणबत्त्या विझल्या. आत बाळ रडलं. दाराच्या फटीतून खारं पाणी आलं, तिच्या पावलांना लागलं, आणि परत फिरलं.