घट्ट बसलेली पिन

टिपणीस हे त्याचं आडनाव नव्हतं. घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणं हा त्याचा धंदा. पुस्तिकेत दर चार ओळींनंतर ‘टीप’ येते, म्हणून जुन्या ऑफिसातल्या मंडळींनी त्याला टिपणीस करून टाकलं होतं. पुढे नोकरी सुटली, तो घरून कामं घेऊ लागला, पण नाव काही सुटलं नाही. बायकोसुद्धा चिडली की त्याच नावाने हाक मारायची.

त्या दिवशी त्याच्यापुढे कपडे धुण्याच्या यंत्राची पुस्तिका होती. सगळी लिहून झाली होती, फक्त शेवटचं ‘यंत्र चालत नसल्यास’ हे पान राहिलं होतं. संध्याकाळी पाठवायचं कबूल केलेलं. जेवण झाल्यावर तो नेहमीसारखा संगणक चालूच ठेवून कोपऱ्यापर्यंत पाय मोकळे करायला गेला आणि परत येऊन खुर्चीत बसला, तर कीबोर्ड मुका. माउस हलवला, तोही ढिम्म. पडद्यावर अर्धं वाक्य तसंच उभं: ‘प्रथम खात्री करा की’.

त्याच्या टेबलावर मॉनिटरखाली एक स्टँड होता, बुटक्या चौरंगासारखा. त्याच्या पुढच्या कडेला चार यूएसबी पोर्ट होते आणि मागून एक लांब वायर निघून टेबलामागे, खाली जमिनीवर ठेवलेल्या संगणकाच्या डब्याला जायची. दोन वर्षांपूर्वी हा स्टँड बायकोने आणला, तेव्हा टिपणीसने नाक मुरडलं होतं. आता त्याचं सगळं चंबूगबाळं त्या चार भोकांत असायचं. कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह, सगळं तिथेच. कीबोर्डची वायर इतकी आखूड की खालच्या डब्यापर्यंत पोचायचीच नाही.

घरात त्याच्याशिवाय फक्त सासूबाई होत्या. त्यांच्या घरात फरशी बदलायचं काम निघालं होतं, म्हणून त्या तीन-चार आठवड्यांसाठी लेकीकडे आल्या होत्या. लेक दिवसभर दवाखान्यातल्या रक्त तपासणीच्या खोलीत. त्यामुळे जावई आणि सासू असे दोघेच दिवसभर समोरासमोर, आणि दोघांनाही ते जरा जड जात होतं. टिपणीसला वाटायचं, यांना आपण फारसे आवडत नाही. दोन गोष्टी विचाराव्या तर एकीचं उत्तर यायचं, तेही कधी भलतंच. पूर्वी शिवणकामाच्या शाळेत पन्नास मुलींना धाकात ठेवलेली बाई. जावयाशी काय बोलायचं, असा त्यांचा बाणा असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

त्याने स्टँडमधल्या सगळ्या पिना काढून पुन्हा लावल्या. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. काही नाही.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“काय झालं?”

“बंद पडलंय. आई, मघाशी वीज गेली होती का?”

“नीज? नाही हो, आज डोळाच लागला नाही,” त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

टिपणीसने मान हलवली. आता कोणाशी काही बोलण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्यांची यंत्रं बंद पडली की काय करायचं हे तो गेली पंधरा वर्षं लिहीत आला होता. स्वतःचं बंद पडलं म्हणून घाबरून जायचं कारण नाही, असं त्याने स्वतःला बजावलं आणि रीतसर पहिल्या पायरीपासून सुरुवात केली.

पहिली पायरी, जोडणी घट्ट आहे का. टेबल भिंतीला लागून होतं आणि डबा आत कोपऱ्यात. त्याने खुर्चीतूनच वाकून, गाल टेबलाच्या कडेला टेकवून हात मागे घातला. स्टँडची वायर चाचपली, तिच्या टोकापर्यंत गेला, पिन ओढून पाहिली. चांगली घट्ट बसली होती. झालं, जोडणी ठीक.

दुसरी पायरी, संगणक बंद करून चालू करा. माउस चालत नसल्यामुळे त्याला डब्याचं बटण दाबून धरावं लागलं. जिवावर आलं, कारण शेवटचं अर्धं पान जतन केलं होतं की नाही याची खात्री नव्हती. संगणक पुन्हा सुरू झाला. पण कीबोर्ड मुका तो मुकाच.

मग त्याने माउसची पिन काढून डब्याच्या पुढच्या बाजूच्या भोकात घातली. तिथे दोन भोकं होती, त्यातलं एक कधीच खिळखिळं झालेलं. चालणाऱ्या भोकात माउस लगेच जागा झाला. पान उघडून पाहिलं, शाबूत होतं. म्हणजे माउस चांगला. कीबोर्ड मांडीवर घेऊन, जमिनीवर बसून तोही त्याच भोकात लावून पाहिला. तोही चांगला. म्हणजे दोष एक तर स्टँडमध्ये, नाहीतर वायरीत. त्याने पुन्हा माउस लावून संगणकातली जोडलेल्या वस्तूंची यादी उघडली. एरवी त्या यादीत स्टँडचं नाव असायचं. आता नव्हतं. स्टँड तिथे आहे हेच मुळी संगणकाला ठाऊक नव्हतं.

“गेला वाटतं,” तो स्वतःशीच म्हणाला.

सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या. कप टेबलावर ठेवून त्या तिथेच घोटाळल्या. साधारणपणे त्या चहा ठेवून निघून जायच्या. आज त्यांचं सगळं लक्ष टेबलाखाली होतं.

“फार महागाचा होता का तो?” त्यांनी विचारलं.

“महागाचा नाही. पण काम अडलंय ना.”

“धाम?”

“काम, आई. काम.”

“हां,” त्या म्हणाल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

आता एकच पायरी उरली होती, वायर बदलून पाहायची. प्रिंटरची वायर तशीच होती. ती लावायची तर जुनी काढायला हवी, आणि हे काम नुसत्या चाचपण्याने होणारं नव्हतं. टिपणीस मोबाईलचा दिवा लावून टेबलाखाली शिरला. पोट आड येत होतं. डबा जरा पुढे ओढून त्याने मागे उजेड पाडला आणि तसाच थांबला.

स्टँडची पिन डब्यात होती, घट्टही होती, पण भलत्याच भोकात. इंटरनेटची जाड केबल लावण्यासाठी जे चौकोनी भोक असतं, त्यात ती जाऊन बसली होती. घरात इंटरनेट वायरशिवाय चालायचं, त्यामुळे ते भोक वर्षानुवर्षं रिकामं. यूएसबीची पिन त्यात अगदी मापाने घेतल्यासारखी मावली होती. बोटांना काही कळायची सोयच नव्हती.

त्याने ती ओढून काढली आणि वरच्या योग्य भोकात घातली. टेबलावर टिंग असा आवाज झाला. कीबोर्डचा हिरवा दिवा लागला असणार, हे त्याला खालूनच समजलं.

पण पिन आपण तिथे लावलेली नाही, हेही त्याला समजलं. सकाळी सगळं चालू होतं. तो डबा जागेवर सरकवायला गेला, तर मागच्या धुळीत काहीतरी चकाकलं. मक्याच्या दाण्याएवढी एक पारदर्शक, मऊ रबरी टोपी. मधोमध बारीक छिद्र. संगणकात असली वस्तू नसते. ती तळहातावर घेऊन तो टेबलाखालून बाहेर आला.

सासूबाई अजून तिथेच होत्या. टोपी पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

“आई, हे तुमचं आहे?”

त्यांनी ती उचलली.

“कानाच्या मशीनची आहे,” त्या म्हणाल्या. “पुढे बसवायची असते. नाहीतर कानात राहत नाही.”

टिपणीस जमिनीवरच बसून राहिला. वीज आणि नीज. काम आणि धाम. इतके दिवस आपण यांना तुसडं समजत होतो, आणि यांना ऐकूच येत नव्हतं.

मग सासूबाईंनी सगळं सांगितलं. मशीन घेऊन चार-पाच महिने झाले होते. दोन्ही कानांची दोन, केसांखाली लपणारी. त्यांची चार्ज करायची डबी होती, तिची वायर आणली, पण भिंतीला लावायचा ठोकळा घरीच राहिला. स्टँडची भोकं पाहिल्यावर त्यांना वाटलं, हीच ती. तेव्हापासून जावई दुपारी फिरायला गेला की त्या डबी तिथे लावायच्या आणि तो यायच्या आत काढून घ्यायच्या. आज मशीन डबीत ठेवताना एक हातातून निसटून टेबलामागे गेलं.

“मी तो खोका ओढला, तर ती वायर निघून आली. मशीन सापडलं, टोपी नाही सापडली. तुमची पावलं वाजतील म्हणून घाई झाली. हाताला जिथे बसली तिथे बसवून दिली. घट्ट बसली, म्हटलं हीच जागा.”

“मलाही तसंच वाटलं,” तो म्हणाला. “मीसुद्धा हात लावून घट्ट आहे म्हणून सोडून दिली. दीड तास गेला माझा.”

हे सगळं तो मोठ्याने आणि त्यांच्याकडे तोंड करून बोलला. त्यांना ते नीट पोचलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

“पण आई, लपवायचं कशाला?”

“तुमची बायको ठाऊक आहे ना तुम्हाला? माझं गुडघ्याचं निघालं तेव्हा म्हणाली, आता इकडेच ये. डोळ्यांचं निघालं तेव्हाही तेच. आता कानांचं कळलं तर माझी खोली आवरायला स्वतः येऊन उभी राहील. माझं घर आहे हो तिथे. माझ्या मैत्रिणी आहेत. तिला सांगू नका.”

“मी आपणहून नाही सांगणार. पण तिने विचारलं तर खोटं बोलता येणार नाही मला. बोललो तरी तिला लगेच कळतं.”

यावर सासूबाई पहिल्यांदाच हसल्या. “तेही खरं,” त्या म्हणाल्या.

त्याने आपल्या मोबाईलचा ठोकळा त्यांना आणून दिला. डबीची वायर त्यात बसली. मग त्याने शेवटचं पान पुरं केलं आणि वेळेत पाठवून दिलं.

संध्याकाळी बायको आली. डबा पुढे ओढलेला, मागची धूळ खोलीभर.

“काय उद्योग चाललेत?” तिने विचारलं. तिचा आवाज मुळातच खणखणीत होता.

टिपणीसने तोंड उघडायच्या आधी सासूबाईंनी कानावरचे केस मागे घेतले.

“हे बघ,” त्या म्हणाल्या. “याची टोपी टेबलाखाली पडली होती.”

बायकोने पाहिलं. जवळ जाऊन पुन्हा पाहिलं. “कधी घेतलंस?”

“झाले काही महिने.”

“आणि मला नाही सांगितलंस? रोज फोन करते मी तुला.”

“फोनवर तुझं सगळं ऐकू येतं मला. शेजारणीलाही येतं.”

बायको हसली नाही. तिने पर्स खुर्चीवर टाकली आणि हात धुवायला आत गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज खाली आला होता.

“मी तुला इकडे ये म्हणते, ते तू आजारी आहेस म्हणून नाही म्हणत,” ती म्हणाली. “पण तसं वाटत असेल तर नाही म्हणणार.”

“म्हण की. मी नाही म्हणेन, एवढंच.”

“मग हे असं चोरून ठेवू नकोस. मी रक्त तपासते दिवसभर. लोकांची दुखणी मला आधी कळतात, आणि आईचं जावयाच्या टेबलाखाली सापडतं.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. मायलेकींचं त्या दिवशी तेवढ्यावरच मिटलं. पूर्ण नव्हे. जेवताना बायको जरा घुश्श्यातच होती.

शनिवारी ती आईला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मशीनचा आवाज कधी नीट जुळवूनच घेतलेला नव्हता, असं तिथे निघालं. डॉक्टरांनी तो जुळवून दिला, वर रबरी टोप्यांचं एक पाकीट दिलं. दोघी परत आल्या त्या रस्त्याने कसल्याशा गोष्टीवर वाद घालत, आणि या वादात सासूबाईंचा एकही शब्द चुकत नव्हता.

पुढचे दोन आठवडे टिपणीसला घरात बोलायला माणूस मिळालं. सासूबाई शिवणशाळेतल्या गोष्टी सांगायच्या. त्याने पुस्तिकेतली एखादी ओळ वाचून दाखवली, की त्या स्पष्ट सांगायच्या, “हे मला नाही कळलं, परत लिहा.” तो परत लिहायचा.

एका दुपारी जेवताना त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या.

“काय झालं, आई?”

“काही नाही. आता मशीन फार चांगलं ऐकतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही घास चावताना केवढा आवाज करता, ते आज कळलं.”

टिपणीसचा घास तोंडातच राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो तोंड मिटून, अगदी बेताबेताने जेवू लागला. दोन दिवस सासूबाईंनी ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी पान वाढून त्या समोर बसल्या, केस मागे घेऊन दोन्ही कानांतली मशीनं काढली आणि डबीत ठेवून दिली.

“जेवा हो आता सुखाने,” त्या म्हणाल्या.