कोपऱ्याचा खेळाडू

बर्फाची पिशवी गुडघ्यावर दाबून हेनिंग बॅकयार्डात बसला होता आणि समोर अण्णा चहा फुंकत त्या गुडघ्याची उलटतपासणी करत होते. नीलांबरी नवरा आणि वडील यांच्या मधे बसली होती. दुभाषी म्हणून, आणि वेळ पडलीच तर पंच म्हणूनही.

अण्णा इस्लामपूरहून अमेरिकेत, फ्रिस्कोला पहिल्यांदाच आले होते. लग्नाला येणं तब्येतीचं कारण सांगून टाळलं होतं, ते कुणालाच पटलं नव्हतं. आल्यापासून हेनिंगचा उल्लेख ‘तुझे ते जर्मन’ असा चालला होता. ‘जावई’ हा शब्द काही त्यांच्या तोंडून बाहेर पडत नव्हता, आणि नीलांबरी नेमकी त्याच शब्दासाठी आसुसली होती. दुपारी अण्णांच्या गावाकडच्या, हेनिंगला अजून न भेटलेल्या अनिल-नीनाकडे महाराष्ट्र मंडळाची माणसं जेवायला जमणार होती. तिथे अण्णा हेनिंगची काय ओळख करून देतात, याची तिला धास्ती वाटत होती.

“इतकी वर्षं तिकडं क्लबात फुटबॉल खेळले म्हणतेस,” अण्णा म्हणाले. “मग गोल किती केले?”

हेनिंग बचावपटू. गोल करायला येणाऱ्याला अडवायचं, एवढंच आयुष्यभराचं काम, आणि ते त्याने असं चोख केलं होतं की त्याच्या गावातले म्हातारे अजून त्याला रस्त्यात थांबवून हात मिळवतात. नीलांबरीला त्याचा केवढा अभिमान. पण अण्णांना हे पटवायचं कसं?

“चाळीस,” तिने ठोकून दिलं.

हेनिंगने मान वर केली. मराठी त्याला जेमतेम यायची, पण लेकीला, रुहीला शिकवता शिकवता आकडे पक्के झाले होते.

“नाही, अण्णा. तीन.” मग शब्द जुळवत तो म्हणाला, “एक… आमच्याच गोलमध्ये.”

नीलांबरीला कुठे तोंड लपवू असं झालं. अण्णांनी कप खाली ठेवला.

“म्हणजे हे गोल करणारे नव्हेतच?”

“नाही,” ती पुटपुटली. “अडवणारे. डिफेंडर.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

अण्णा उठले आणि खुर्ची ओढून हेनिंगच्या शेजारी बसले. डाव्या हाताची वाकडी दोन बोटं त्यांनी त्याच्यापुढे धरली. कबड्डीत ते डाव्या कोपऱ्याला उभे राहत. चढाई करणाऱ्याचा घोटा धरला की सोडत नसत. लहानपणी ऐकलेल्या त्यांच्या सगळ्या गोष्टी पकडींच्याच होत्या, हे नीलांबरीच्या आत्ता कुठे लक्षात आलं.

“विचार ह्यांना, समोरचा अंगावर येताना हे बघायचे कुठं?”

तिने विचारलं. हेनिंगने कमरेवर हात ठेवला.

“बरोबर,” अण्णा म्हणाले. “डोळे फसवतात.”

त्यानंतर एकमेकांना डाव करून दाखवायला दोघांनी मिळून खुर्च्या सरकवल्या आणि बर्फाची पिशवी गवतावर वितळत राहिली. दुभाष्याला कुणी काही विचारलं नाही.

दुपारी अनिलने दारातच हेनिंगकडे पाहत विचारलं, “अण्णा, हे कोण?”

“आमचे जावई. कोपऱ्याला खेळायचे.”

अनिलला काही उलगडलं नाही. “फुटबॉल ना? वा. मग गोल किती?”

“तीन,” अण्णा ताठ मानेने म्हणाले. “त्यातला एक आपल्याच गोलमध्ये.”