विहिरीवरच्या बाया

डोमाजीनं शेवटची बाई बैलबंडीतून उतरवली आणि विहिरीच्या ओट्याखाली बसवली. मातीच्या बायांची ती रांग ओंजळी पुढं करून वर पाहत होती. धर्म बदलून दोन वर्षं झाली, तरी गावच्या या विहिरीवर त्यांच्या गावाबाहेरच्या पुऱ्यातल्या बायांना अजून असंच ओट्याखाली बसावं लागे, वरून कोणी पाणी ओतेपर्यंत.

“आता चाला घरी,” त्याची बायको शालू म्हणाली. “लोक पाहून राह्यले.”

“पाहू दे. त्याच्यासाठीच त केल्या.”

अमरावतीला मूर्तिकाराच्या हाताखाली असताना त्यानं, पूर्वी अस्पृश्यांना बांधावं लागे तसं, गळ्यात गाडगं बांधून भर चौकात दिवस काढला होता. तिथं लोक हसले, शिव्या दिल्या, एकानं चप्पल फेकली. इथं कोणी चकार शब्द काढला नाही. गावातल्या बाया लुगडं सावरत पुतळ्यांमधून आल्या, पाणी भरून गेल्या. दुपारी उत्तमराव पाटील आले. एकेक चेहरा न्याहाळत हिंडले.

“हात चांगला हाय तुहा, डोमा,” ते हळूच म्हणाले आणि निघून गेले.

दिवस मावळताच शालूनं दाराला आतून मुसळ लावलं.

सकाळी दोघं विहिरीवर गेली. मातीच्या बाया जशाच्या तशा होत्या, साधा ओरखडाही नव्हता. मात्र रांगेत एक जण वाढला होता. मातीचाच पुरुष, घाईत थापलेला. अंगात डोमाजीचा निळा सदरा; काल शालूनं तो धुऊन अंगणात वाळत घातला होता. दोन्ही बाह्या रिकाम्या लोंबत होत्या.

शालूनं डोमाजीचा दंड धरला.

“अमरावतीले जाऊ. आताच्या आता.”

डोमाजीनं पुतळ्याच्या बाह्या वर दुमडल्या आणि खांद्याशी बोटं फिरवली.

“याले हात नाही,” तो म्हणाला. “मी करतो.”

खाली सांडलेली माती त्यानं मुठीत घेतली. ती भुरभुर गळून गेली.

“पाणी लागन.”

ओतून देणारं कोणी तिथं नव्हतं. शालूनं सदऱ्याकडं पाहिलं, पदर कमरेला खोचला, ओट्यावर चढली आणि बादली आत सोडली.

चाक करकरलं. समोरचं एक दार उघडलं, मग त्याच्या शेजारचं. मागं पावलं वाजू लागली. शालूनं वळून पाहिलं नाही. बादली भरली होती. ती दोन्ही हातांनी दोर ओढू लागली.