अक्काने आणलेली राख

अक्का येणार म्हटल्यावर रेश्माने सगळ्यात आधी माझा ब्रश लपवला.

रेश्मा माझी सून. केडगावात तिचं आणि माझ्या मुलाचं, गोरक्षचं, छोटंसं घर आहे. माझी बायको रतनबाई गेल्यावर मी नेवाशाकडचं गाव सोडून त्यांच्याकडे आलो. दोघं सकाळीच कामाला जातात. रिकाम्या घरात माणूस टीव्ही किती बघणार? म्हणून संडास आणि मोरी मी माझ्याकडे घेतली. संडासाच्या भांड्याची आतली कड, नळामागची हिरवट रेघ, जाळीत अडकलेले केस, सिलेंडरखालचा तेलकट गोल डाग. जिथे कोणी बघत नाही तिथे हात घालायचा. काम झालं की उंबऱ्यात बसून ओल्या फरशीकडे बघत चहा प्यायचा. त्या चहाची चव निराळीच लागते.

सुरुवातीला रेश्मा रडकुंडीला आली होती. "मामा, लोक म्हणतील, सासऱ्याकडून संडास धुवून घेते!" शेवटी एका अटीवर कबूल झाली. ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये.

आणि आता रंगुअक्का येत होती. माझी थोरली बहीण. डोळे दाखवायचं निमित्त होतं, पण खरं म्हणजे सून मला कसं ठेवते ते तिला बघायचं होतं. अक्काच्या तोंडून निघालेलं भावकीत पोचायला वेळ लागत नाही.

ती आली ती राखेची पिशवी घेऊनच. फोनवर मीच मागितली होती, मोरी घासायला; तिला मात्र झाडाचं नाव सांगितलं होतं.

"घे तुझी राख. आंब्याच्या लाकडाची हाय. झाडाला टाकतो म्हनालास, पर झाड कुठंय तुझं?"

रेश्माने घाईने गॅलरीतल्या एकुलत्या तुळशीकडे बोट दाखवलं.

"एवढ्या राखंत ती तुळस गाडली जाईल की गं!"

तेव्हापासून रेश्मा उजाडायच्या आत उठून मोरी-संडास धुऊ लागली. मी इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत पेपर धरून बसायचो, पाहुण्यासारखा. अक्का खूश. "बस बस. ह्या वयात हेच पायजे." मला मात्र तिथून नळाच्या बुडाशी धरलेला डाग दिसत होता. घरी असून घरी नसल्यासारखं वाटत होतं.

एका सकाळी दोघं कामावर गेले आणि अक्काने आपला तांब्याचा तांब्या आणि रात्रीचं खिरीचं पातेलं घासायला काढलं. साबणाचा फेस तिला चालत नाही. पिशवीतली राख ओंजळीने घेतली, घासलं, वरून बादलीभर पाणी ओतलं. गावाकडे तिच्या मोरीचं पाणी थेट अळूच्या वाफ्यात जातं. जेवढी राख जाईल तेवढा अळू माजतो. इथे जाळीखाली एक वाटी आणि तिच्याखाली वाकडा पाइप.

"मच्छिंद्रा! आरं पानी घरात आलं!"

मी धावलो. काळं पाणी मोरीची कड ओलांडून स्वयंपाकघरात शिरत होतं. अक्का लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून उभी.

"बघ तुझ्या सुनंचं काम! नुसतं वरवर पुसती. आत किती दिसांची घान साचली आसंल!"

मी दारातच थबकलो. गप्प बसावं, तर रेश्मा गबाळी ठरते. खरं सांगावं, तर रेश्मा सासऱ्याला राबवते. दोन्हीकडून नाव तिचंच जाणार. तेवढ्यात पाणी पिठाच्या डब्यापाशी पोचलं.

मी पायजमा वर दुमडला. जाळी उचलली, वाटी फिरवून काढली आणि दंडापर्यंत हात घातला.

"हात बरा चालतोय रं तुझा," अक्का म्हणाली. "प्लंबर झालास व्हय?"

"अक्का, ही मोरी मीच धुतो. रोज. संडाससुद्धा. आत घाण असेल तर ती माझी."

"सुनेनं लावलं हे?"

"तिने अडवलं होतं. मीच ऐकलं नाही. तू यायची म्हणून तिने ब्रश लपवला, तर मला करमेनासं झालंय."

अक्काने श्वास घेतला तो बोलायलाच. मी मूठ बाहेर काढली आणि तिच्यापुढे उघडली. ओली, चुन्यासारखी घट्ट राख.

"आणि ही घाण जुनी नाही, आत्ताचीच. आंब्याच्या लाकडाची आहे."

अक्काने राखेकडे पाहिलं, मग आपल्या लखलखीत तांब्याकडे. "आगं बया!" म्हणाली आणि हसत सुटली. हसता हसता भिंत धरून खाली बसली.

"मंग तू कशी टाकतोस?"

"टाकत नाही. कोरडी घासायची, कागदाने उचलायची, मग पाणी."

"लई शाना!" असं म्हणून तिने खराटा ओढला आणि पाणी लोटायला लागली.

संध्याकाळी रेश्मा आली तेव्हा आम्ही दोघं उंबऱ्यात चहा पीत बसलो होतो. ती दारातच थिजली.

"सूनबाई," अक्का म्हणाली, "ह्याचा ब्रश कुठं दडवलास?"

रेश्माने माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

"दे त्याला. तोंड बघ कसं करून बसलाय, पोराचा भवरा काढून घेतल्यागत."

"पण आत्या, भावकीत कोणी विचारलं तर?"

"इचारू दे. म्हनीन, जाऊन बघा केडगावला. पर पाय पुसून जा, न्हाई तर मच्छिंद्र उंबऱ्यातनं माघारी धाडंल."

रेश्मा पदरात हसली. गॅलरीत गेली, कूलरमागून ब्रश काढला आणि अक्कासमोरच माझ्या हातात दिला.

मी चहा तसाच ठेवला. नळाच्या बुडाचा तो डाग कधीपासून नजरेत होता. आधी तोच घेतला.