कडेची मुलगी

आमच्या शाळेत आदर्श विद्यार्थिनीचा कप कोणाला मिळणार हे संमेलनाच्या दिवसापर्यंत गुपित असायचं, आणि ते गुपित सगळ्यांना ठाऊक असायचं. कारण बक्षीस समारंभाचीसुद्धा तालीम व्हायची. तालमीला जिला स्टेजवर चढवलं तिलाच कप, हे गणित पाचवीतल्या पोरींनाही यायचं. तालीम घेणारे सर तोंडावर बोट ठेवून "कुठे बोलू नका" म्हणायचे, आणि मधल्या सुट्टीत नळावर दुसरा विषयच नसायचा.

त्या वर्षी तालमीला माझ्या ताईला बोलावलं.

ताई म्हणजे माझी आतेबहीण. आत्या गेल्यापासून ती आमच्याकडेच राहायची. ती नववीत, मी आठवीत. अभ्यासात काठावर, खेळात राखीव, नाटकात झाड. पण झाड झाली तरी हात भरून येईपर्यंत फांद्या वर धरून ठेवणारी. माझ्या बाबांचं, म्हणजे तिच्या मामांचं, फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान होतं. शाळेच्या ऑफिसबाहेर दरवर्षीच्या आदर्श विद्यार्थिनीचा फोटो लागतो, त्या सगळ्या चौकटी आमच्याच दुकानातल्या. बाबांनी जाहीर करून टाकलं होतं की नववी संपली की ताई दुकानात बसणार. "शिकून काय उजेड पडतोय ते दिसतंयच," असं ते तिच्यासमोरच म्हणायचे. आई मध्ये पडली नाही. आईला दुकानात फुकटचं माणूस हवंच होतं, आणि हे मी माझ्या सख्ख्या आईबद्दल बोलतेय.

ताईने एकदाच विचारलं होतं, "मामा, मी काही करून दाखवलं तर?"

बाबा पुठ्ठा कापता कापता हसले. "शाळेने तुला स्टेजवर बोलावून हातात काही दिलं, तर कॉलेजपर्यंत शीक. शब्द देतो." शब्द द्यायला त्यांचं काय जात होतं? ताईला स्टेजवर कोण बोलावणार होतं?

आणि बोलावलं की. तालमीचा ताबा सांस्कृतिक विभागाच्या सरांकडे होता. आम्ही पोरी त्यांना शिट्टी म्हणायचो, कारण बोलण्याआधी ते शिट्टी फुंकायचे. दोन वर्षांपूर्वी विजेती मुलगी मागच्या रांगेतून इतकी सावकाश आली होती की ती पोचेपर्यंत टाळ्या विझल्या होत्या. त्याचा सरांनी धसका घेतला होता. ते ताईला पुन्हा पुन्हा बजावायचे, "नावाची वाट बघायची नाही. मोठ्या बाई माइकवर 'आदर्श' म्हणाल्या की उठायचं, नाव संपेपर्यंत पायरीवर पाय पाहिजे. कळलं?" तालमीत नावाच्या जागी ते 'अमुक तमुक' म्हणायचे. ताई प्रत्येक वेळी उठायची, पायऱ्या चढायची, रिकामा हात पुढे करायची आणि नसलेला कप छातीशी धरून फोटोसाठी थांबायची. फुलांचं तबक धरायला मी शेजारी उभी असायचे. तिला असं हसताना मी घरी कधी पाहिलं नव्हतं.

"ताई, नक्की ना गं?" मी एकदा न राहवून विचारलं.

"नक्की म्हणजे काय? मी कानांनी ऐकलंय. मोठ्या बाई सरांना म्हणाल्या, हिलाच घ्या."

दहावीतली कप्तान आमच्याशी बोलेनाशी झाली. ती खो-खोची कप्तान, वर्गात पहिली, वक्तृत्वात पहिली. कप आपलाच असं धरून चालली होती बिचारी. ताईला तिचं वाईट वाटलं. मला नाही वाटलं.

घरी तर सगळं पालटलंच. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला "आमची भाची" म्हणून सांगायला लागले. त्याआधी ती 'बहिणीची पोरगी' होती. त्यांनी चांगल्या लाकडाची पट्टी काढली, शाळेच्या भिंतीवरच्या चौकटींच्या मापाची एक चौकट बनवली, पॉलिश केली आणि काच घालून गल्ल्यामागे टांगली. आत काहीच नव्हतं. आईने ताईच्या पानात आधी वाढायला सुरुवात केली. ताईने दहावीची जुनी पुस्तकं कोणाकडून तरी मागून आणली आणि त्यांना कव्हरं घालत बसली.

संमेलनाच्या दिवशी बाबांनी दुकान बंद ठेवलं आणि पहिल्या रांगेतली खुर्ची पकडली. पाहुणे एक निवृत्त न्यायाधीश होते. नाच झाले, नाटक झालं, भाषणं तर विचारूच नका. मग मोठ्या बाई माइकसमोर आल्या. मी तबक घेऊन पायरीशी उभी.

"या वर्षीची आदर्श..."

ताई उठली. बाई 'विद्यार्थिनी' म्हणेपर्यंत ती रांगेतून बाहेर आली होती, आणि बाईंनी नाव घेतलं तेव्हा तिचा पाय पायरीवर होता. नाव कप्तानचं होतं. टाळ्यांच्या गोंगाटात ताईला ते ऐकू आलं नाही. मला आलं. तिची ओढणी धरावी म्हणून मी एक हात सोडवला, तर तबक कलंडलं, आणि ताई फुलं तुडवत वर गेली.

आयुष्यभर निकाल दिलेल्या न्यायाधीशांनी जी मुलगी समोर आली तिच्या हातात कप दिला. ताईने तो छातीशी धरला आणि शिकवल्याप्रमाणे थांबली. तेवढ्यात कप्तान धावत वर आली. तिची तालीम झालेली नव्हती, त्यामुळे तिने सरळ कपालाच दोन्ही हात घालून तो ओढला, आणि ताईचा एकच हात कपावर राहिला. फोटोग्राफरने फोटो काढला. मग मोठ्या बाईंनी ताईचं मनगट धरून तिची बोटं कपावरून सोडवली आणि त्या हसत माइकवर म्हणाल्या, "ही आमची तालमीतली पाहुणी बरं का. हिला वाटलं आजही तालीमच आहे."

अख्खं सभागृह हसलं. कधीकधी वाटतं, हसण्यासाठीच लोक संमेलनाला येतात. बाबांना काहीच उमगलं नव्हतं. ते उभे राहून टाळ्या वाजवत होते. मागच्या कोणीतरी त्यांचा खांदा ओढून त्यांना खाली बसवलं.

कार्यक्रम संपल्यावर बाबा स्टेजमागे गेले. ताई नाटकातल्या पुठ्ठ्याच्या झाडाआड उभी होती. बाईंना वाईट वाटलं असेल असं कोणाला वाटत असेल तर सांगते, अजिबात नाही. त्या समजूत घालायच्या सुरात म्हणाल्या, "अहो, दरवर्षी नाव आधीच फुटतं. म्हणून या वेळी मी सरांना सांगितलं, तालमीला अशी मुलगी घ्या की जिला कप मिळणं शक्यच नाही. म्हणजे कोणाला खरं वाटणार नाही. तर हिलाच खरं वाटलं बघा."

सर खाली बघत शिट्टीच्या दोरीशी चाळा करत होते.

बाबांनी बाईंना काही म्हणायला हवं होतं. शाळेच्या चौकटींचं काम त्यांच्याकडे होतं, ते कसले बोलतात. त्यांनी बाईंना नमस्कार केला. घरी येऊन दार लावल्यावर त्यांचं तोंड सुटलं. "चारचौघांत हसं केलंस आमचं."

"मामा, मला वाटलं..."

"तुला वाटलं. तुझी लायकी सगळ्या शाळेला माहीत होती, तुला तेवढी नव्हती."

आईने त्या दिवशी ताईला वाढलंच नाही. तिने मागितलंही नाही. नववीची परीक्षा झाली आणि ताई दुकानात बसली. हात तिचा बाबांपेक्षा स्थिर होता, हे बाबाच सांगायचे, मोठ्या कौतुकाने. मला त्या कौतुकाची चीड यायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठ्या बाई स्वतः दुकानात आल्या. बाबा बाहेर गेले होते. गल्ल्यावर ताई, शेजारी मी. "अगं, शाळा सोडलीस म्हणे? असं करू नये," असं म्हणत बाईंनी पर्समधून एक फोटो काढून गल्ल्यावर ठेवला. तोच फोटो. पाहुणे, कप्तान, कप, आणि कडेला ताई, शिकवल्याप्रमाणे हसणारी.

"पाहुण्यांचा चेहरा याच एका फोटोत नीट आलाय," बाई म्हणाल्या. "ही कडेची काढता येईल का?"

मी बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना खरोखरच काही वाटत नव्हतं. ताईने पट्टी ठेवली, पेन्सिलीने रेघ मारली. "हात राहील," ती म्हणाली. "हात काढायचा तर कप कापावा लागेल."

"राहू दे. हाताकडे कोण बघतंय?"

ताईने कटर फिरवला. एका झटक्यात, कड न फाटता. मग तिने मागे वळून ती टांगलेली रिकामी चौकट उतरवली, फडक्याने काच पुसली आणि फोटो आत बसवला. "मापाची आहे," ती बाईंना म्हणाली. कापलेली पट्टी पुठ्ठ्याच्या कातरणांत पडली होती. तीही तिने झाडूने केरात लोटली. मी ओरडणार होते, पण तिने माझ्याकडे बघून 'नको' अशी मान हलवली.

आता मी नववीत आहे आणि फोटो ऑफिसबाहेर लागलाय. कप्तानचे दोन्ही हात कपावर आहेत, आणि कडेकडून आलेला तिसरा हात अजून कप धरून आहे. नव्या पोरी तिथे थांबतात आणि हा हात कोणाचा म्हणून विचारतात. मी सांगते, ज्या मुलीने ही चौकट बसवली तिचा. त्यांना वाटतं मी थट्टा करते. त्या हसत वर्गात जातात.