दोन शून्यांची चाल

झरीच्या ग्रामपंचायतीत नळाला पाणी सोडणाऱ्या सिद्धोधननं लेकीला, धम्मशीलाला, बुद्धिबळ शिकवलं आणि तिथंच घोडं अडलं. त्याचं बुद्धिबळ देशी, आजोबांकडून आलेलं. त्यात राजानं कोपऱ्यात दडायचं नसतं. जिवावर बेतलं की घोड्यासारखी एकच उडी मारायची. स्पर्धेत ती उडी चालत नाही, हे धम्मशीलाला ठाऊक होतं. पण हाडीमाशी खिळलेली सवय सुटते थोडीच! परभणीच्या श्रीनिधीनं तिचा मधोमध उभा राजा दोनदा बारा चालींच्या आत गाठला होता. आता रविवारी जिल्ह्याच्या निवडीत पुन्हा तिच्याशीच गाठ होती.

"याबी टायमाला असंच झालं तर पट माळ्यावर," पोरीनं सांगून टाकलं होतं.

शाळेतल्या योगिनी मॅडमनी तिला एका मास्टर खेळाडूच्या डावाची झेरॉक्स दिली, सुरुवात कशी करावी ते कळावं म्हणून. पोरगी शाळेत गेल्यावर सिद्धोधननं तो कागद उचलला आणि पट मांडला. 'एन' म्हणजे घोडा, 'बी' म्हणजे उंट, हे त्यानं कोण कुठं जाऊ शकतं यावरून ओळखलं आणि स्वतःच्या अकलेवर खूश झाला. पाचव्या चालीला पांढऱ्याकडं नुसती दोन शून्यं होती. शून्य म्हणजे काही नाही. मास्टर थांबला असेल. सहाव्या चालीला 'आर ई एक'. आर म्हणजे राजा, दुसरं काय! आणि राजा तर त्याच घरात बसलेला.

संध्याकाळी त्यानं लेकीला दारातच अडवलं. "बघ! एवढा मोठा मास्टर, पन राजाला हलवायलाच तयार न्हाई. मी काय सांगत होतो?"

धम्मशीलानं कागद पाहिला आणि पोट धरून हसली. "पप्पा, आर म्हंजे रूक, आपला हत्ती. अन् शून्य शून्य म्हंजे किल्लेकोट." तिनं राजा दोन घरं सरकवला, हत्ती त्याच्या पलीकडं ठेवला आणि पुढच्या चालीला तो मधे आणला.

सिद्धोधन पटाकडं बघत राहिला. राजा कसा बंदोबस्तात बसला होता! त्याला मनापासून लाज वाटली. "म्हंजे इतके दिस मीच तुला हरवायलोय की गं."

ती नाही म्हणाली नाही. "बसा. तुमी काळे घ्या," एवढंच म्हणाली.

चार दिवस तोच डाव चालला. प्रत्येक चालीला सिद्धोधन हटून बसायचा, "हे का? ते का न्हाई?" उत्तरं शोधता शोधता पोरीचा घाम निघाला.

रविवारी शेवटचा डाव श्रीनिधीशी लागला. निवडीला अर्धा गुण हवा होता. पालकांना आत सोडत नव्हते. दोन तास सिद्धोधन फाटकापाशी येरझारा घालत होता.

धम्मशीला बाहेर आली. "बरोबरी! झाली निवड!"

"मास्टरसारखंच खेळलीस?"

"कुठलं! ती चौथ्याच चालीला वेगळं खेळली. कागदातलं काईच कामी आलं न्हाई."

"मग गं?"

"मग राजा आत घातला अन् निवांत इचार करत बसले. पैल्यांदाच भ्या वाटलं न्हाई, पप्पा."

सिद्धोधनचे डोळे भरून आले. ते त्यानं रुमालानं पुसले आणि धुळीच्या नावानं बोटं मोडली.

"आता पुढची स्पर्धा नांदेडला. तिथं काळे मोहरे आले तर?" तिनं विचारलं. "काळ्यांचाबी एखादा डाव पायजे."

झरीची गाडी समोर उभी होती. ती जाऊ देऊन बापलेक पुस्तकांचं दुकान शोधायला निघाले.