सर्जेरावची शेपूट

"शेपूट कापून टाकायची का काका?" स्वरालीने विचारलं, आणि सदाशिवरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

स्वराली पुण्याहून आली होती. चाळीसएक वर्षांपूर्वी या शहरात 'दगडी पाखरं' नावाचा बँड होता. त्याच्या जुन्या टेपांतली निवडक गाणी एका रेकॉर्डवर काढायचं तिच्या कंपनीने ठरवलं होतं. त्या संगीताला ती सायकेडेलिक फोक रॉक म्हणे. त्या काळी गुलमंडीच्या बाजारातले लोक नुसतं गांजेकस म्हणायचे. खरं तर पाखरं चहाच्या पलीकडे कधी गेली नाहीत, केस तेवढे वाढवले होते. सदाशिवराव गिटार वाजवत, देवगाव रंगारीचा सर्जेराव संबळ वाजवी, आणि दोघांच्या मध्ये जे काही घडे त्याने ऐकणाऱ्याला जरा गरगरायला होई. पुढे सदाशिवराव जिल्हा परिषदेत लेखा विभागात चिकटले, केस कापले आणि तिथूनच निवृत्त झाले.

अडचण अशी होती, की रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं लांबलचक गाणं संपता संपत नव्हतं. गाणारे थांबतात, गिटार थांबते, आणि सर्जेरावचा संबळ एकटाच पुढे वाजत राहतो, चांगली पाच-सहा मिनिटं. बँडमध्ये त्याला सर्जेरावची शेपूट म्हणत आणि त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल करत. ती ठेवली तर त्या बाजूला आणखी एक गाणं मावत नव्हतं. ते गाणं नेमकं सदाशिवरावांचं होतं. त्यांनी स्वतः लिहिलेलं आणि स्वतः गायलेलं ते एकुलतं एक.

सदाशिवरावांच्या पत्नी दमयंतीबाईंना हा प्रश्नच वाटला नाही. लग्नाआधीचं ते गाणं त्यांनी नवऱ्याच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. कितीही आग्रह केला तरी हा माणूस लाजून विषय बदली. आता रेकॉर्ड आली की सगळ्यांसोबतच ऐकायचं, असं म्हणून त्यांनी सिल्लोडच्या नणंदेपासून कॉलनीतल्या भिशीपर्यंत सगळीकडे सांगून ठेवलं होतं.

"कापा की," त्या म्हणाल्या. "चूकच झाली होती ना ती. हे तर हेच सांगायलेत इतकी वर्षं."

सदाशिवरावांच्याही मनात तेच होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. सर्जेरावला विचारल्याशिवाय नको, एवढंच ते बोलले आणि दुसऱ्या दिवशी एसटीने देवगावला गेले.

अंगावरून वारं गेल्यापासून सर्जेरावचा उजवा हात मांडीवर पडून असे. त्याच्या पत्नी द्वारकाबाईंनी त्याला उशी लावून बाजेवर बसवलं. सदाशिवरावांनी काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. कापून टाक म्हणावं, सर्जेराव लगेच म्हणाला, जणू वाटेतली काटकी बाजूला सारायची होती. काम झालं होतं, परतीची बसही होती. पण एवढ्या वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते सदाशिवरावांच्या तोंडून निघालं. त्या रेकॉर्डिंगच्या दिवशी तू थांबला का नाहीस?

सर्जेरावने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं.

"दिवटी जळत व्हती ना समोर. आमच्यात दिवटी शांत होईस्तोवर संबळ खाली ठेवत नायत. तुम्हीच लावली, सदाभाऊ, अन् शांत करायची तुम्हीच इसरलात. मी कसा थांबू?"

सदाशिवरावांना ती खोली आठवली. छापखान्याच्या मागची, भिंतींना गोधड्या टांगलेली. जरा वातावरण तयार व्हावं म्हणून त्यांनीच सर्जेरावच्या घरची गोंधळातली दिवटी मागून आणली होती, फोटोत छान दिसेल म्हणून. सर्जेराव गोंधळ्याच्या घरातला. तो घामाघूम होऊन वाजवत होता, सारखा दिवटीकडे आणि त्यांच्याकडे बघत होता, आणि सदाशिवरावांसकट सगळे आधी हसले आणि मग गप्प झाले होते. शेवटी तेल संपून ती आपोआप विझली होती.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"हसत व्हते सगळे," सर्जेराव म्हणाला.

सदाशिवरावांनी देवगावच्या स्टँडवरूनच स्वरालीला फोन केला. शेपूट पूर्ण ठेव, माझं गाणं वगळ. तिने बरीच समजूत घातली, पण ते हटले नाहीत. घरी दमयंतीबाईंनी ऐकून घेतलं आणि आठवडाभर कामापुरतंच बोलल्या. सिल्लोडला आता काय तोंड दाखवू, एवढं मात्र रोज म्हणाल्या.

रेकॉर्ड आली तेव्हा त्यांनी भिशीतल्या कुणालाही बोलावलं नाही. दुपारी दोघंच ऐकायला बसली. पहिली बाजू झाली, दुसरी झाली, आणि सगळे थांबून संबळ एकटा राहिला.

"तुमचा आवाज कुठंच नाय यात," दमयंतीबाई म्हणाल्या. रागाने नव्हे, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"आता हे वाजतंय ना," सदाशिवराव म्हणाले, "इथं मी त्याच्या समोर बसलोय. गप्प."

दमयंतीबाईंनी पदर सावरला, खुर्ची जरा जवळ ओढली आणि त्या नीट ऐकू लागल्या.